घरी बांधलं जातं, सर्व्हरवर फुटतं: डेबियन पॅकेजचं पुन्हा पुन्हा उठणारं दुखणं

तक्रार नेहमी एकाच चालीची असते. पॅकेज आपल्या लॅपटॉपवर बांधलं, बसवून पाहिलं, चालवून पाहिलं, सगळं ठीक. अपलोड केलं, निवांत झोपलो. सकाळी चहाच्या आधी मेल उघडली तर बिल्ड सर्व्हरवर (अपलोड झालेलं पॅकेज नव्याने बांधणाऱ्या डेबियनच्या मशीनवर) लाल पट्टी. एकदा दुरुस्त केलं की दोन-तीन महिने शांतता, मग पुन्हा तेच, फक्त कारण वेगळं. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या मंडळींमध्ये याला ‘एफटीबीएफएस’ म्हणतात, म्हणजे स्रोतापासून बांधलंच जात नाही. असा बग गंभीर धरला जातो आणि पॅकेज ‘टेस्टिंग’मधून, म्हणजे पुढच्या आवृत्तीच्या तयारीच्या शाखेतून, बाहेर पडायला तेवढं पुरतं.

माझ्याकडे एक छोटं पॅकेज आहे. तिथी आणि तारखा काढणारी सी भाषेतली लायब्ररी, तिच्यावर बसवलेलं पायथन मॉड्यूल आणि दस्तऐवजांचं वेगळं पॅकेज. कोड बेताचाच, पण एवढ्या छोट्या पॅकेजने मला हे दुखणं जवळजवळ सगळ्या रूपांत दाखवलं आहे. शेवटी कळलं ते इतकंच, की बिघाड बहुतेक वेळा कोडमध्ये सापडत नाही. माझ्या मशीनवर काय आहे आणि सर्व्हरवर काय नाही, या फरकात तो दडलेला असतो. म्हणून आता मी कोडला हात लावायच्या आधी फरक शोधतो. (आज्ञा आणि फायलींची नावं खाली उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर त्यांची रोमन रूपं तुमच्या बोटांना ठाऊक आहेतच.)

आधी लॉग, तोही वरून खाली नव्हे

सर्वांत पहिलं म्हणजे सर्व्हरने पॅकेजपुढे लिहिलेली स्थिती नीट वाचा. ‘बीडी-अनइन्स्टॉलेबल’ लिहिलं असेल तर बांधायला सुरुवातच झालेली नाही. तुम्ही मागितलेलं एखादं पॅकेज त्या घटकेला बसवता येत नाही. बहुधा कुणाच्या तरी लायब्ररीचं संक्रमण, म्हणजे सगळ्यांचं तिच्या नव्या आवृत्तीकडे जाणं, चालू असतं. अशा वेळी हात न लावता दोन दिवस थांबलेलं बरं. मी एकदा उतावीळपणे अवलंबित्वाची ओळ बदलली आणि संक्रमण संपल्यावर ती परत बदलायला आणखी एक अपलोड करावं लागलं.

‘बिल्ड-अटेम्प्टेड’ (बांधून पाहिलं, पण फुटलं) असेल तर मात्र लॉग, म्हणजे बांधणीची नोंद, उघडायचा. शेवटची ओळ वाचून काही कळत नाही. तिथे फक्त बांधणीची कामं चालवणाऱ्या ‘मेक’ने हात टेकल्याचं लिहिलेलं असतं. अनेक कामं समांतर चालत असल्यामुळे पहिली खरी चूक घडल्यावरही बाकीची कामं थोडा वेळ पुढे पळत राहतात, आणि खरी चूक दोनशे ओळी वर गाडली जाते. शेवटाकडून वर जात तीन तारे असलेली ओळ शोधा, तिथून आणखी वर जात ‘एरर’ शब्दानंतर अपूर्णविराम असलेली पहिली ओळ गाठा. चाचण्या फुटल्या असतील तर शोध ‘फेल’चा घ्या.

लॉगमध्ये आणखी एक मोलाची गोष्ट असते आणि तिच्याकडे फारसं कुणी पाहत नाही: बांधताना कोणकोणती पॅकेजं कोणत्या आवृत्तीत बसवलेली होती, त्यांची यादी. तुमच्या मशीनवर यशस्वी बांधणीनंतर ‘बिल्डइन्फो’ नावाची जी फाइल तयार होते, तिच्यातही तशीच यादी असते. दोन्ही याद्या क्रमाने लावून ‘डिफ’ करा, म्हणजे फरक समोर येतो. गेल्या वेळी मला हे करायला पाच मिनिटं लागली, आणि त्याआधी अंदाजपंचे शोधण्यात दोन संध्याकाळी गेल्या होत्या.

सर्व्हरसारखी रिकामी खोली

आपल्या लॅपटॉपवर थेट ‘डीपीकेजी-बिल्डपॅकेज’ ही बांधणीची आज्ञा चालवणं म्हणजे स्वतःच्या स्वयंपाकघरात स्वयंपाक करणं. मिसळणाचा डबा हाताशी असतो, मोहरी कुठून आली याचा विचारही करावा लागत नाही. सर्व्हरच्या खोलीत शेगडी आणि पाणी एवढंच असतं: मूलभूत प्रणाली आणि ‘बिल्ड-एसेन्शियल’ने आणलेले कंपायलर, मेक, सी लायब्ररीच्या हेडर फायली, डीपीकेजीची साधनं. बाकी चिमूटभर हिंगसुद्धा ‘डेबियन/कंट्रोल’ फाइलमधल्या बिल्ड-डिपेंड्समध्ये (बांधायला लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत) लिहून मागावं लागतं.

म्हणून तशीच खोली घरी करून ठेवा. ‘एमएमडीबूटस्ट्रॅप’ला बिल्डडी हा प्रकार देऊन अनस्टेबलचा, म्हणजे नवी पॅकेजं आधी जातात त्या शाखेचा, एक टारबॉल (सगळ्या फायलींचं एकच गाठोडं) बनवायचा आणि पॅकेज स्वच्छ खोलीत बांधणारा ‘एसबिल्ड’ अनशेअर पद्धतीने चालवायचा. या पद्धतीला रूटचे अधिकार लागत नाहीत, दर वेळी खोली नव्याने उघडते आणि काम संपलं की पुसली जाते. शिवाय नेटवर्क मुळातच बंद असतं, हे फार महत्त्वाचं. मुख्य संग्रहातल्या पॅकेजने बांधताना इंटरनेटला हात लावायचा नाही, असं डेबियनचं धोरण स्पष्ट सांगतं, आणि तरीही कुठलीतरी चाचणी हळूच एखादी फाइल उतरवायला जातेच.

नेहमीच्या डॉकर कंटेनरमध्ये बांधून ‘स्वच्छ आहे’ म्हणणारे बरेच भेटतात. पहिल्या वेळी तो स्वच्छ असतोही. दहाव्या वेळेपर्यंत त्यात तुम्ही हाताने बसवलेली चार पॅकेजं आणि मागच्या बांधणीचा कचरा जमलेला असतो.

एसबिल्डची एक सोय जरूर वापरा. ‘बिल्ड-फेल्ड-कमांड्स’ या पर्यायाला शेल देता येतो. मग बांधणी फुटली की खोली लगेच पुसली जात नाही, तुम्ही आतच उभे राहता. फाइल खरंच आहे का, एखाद्या चलाची (व्हेरिएबलची) किंमत काय आहे, बांधणीआधी काय काय उपलब्ध आहे ते तपासणाऱ्या कॉन्फिगर स्क्रिप्टच्या लॉगमध्ये काय लिहिलंय, सगळं जागेवर पाहता येतं.

उसनं घेतलेलं अवलंबित्व

सर्वांत जास्त वेळा सापडलेलं कारण हेच. माझ्या कॉन्फिगरला लायब्ररी शोधायला ‘पीकेजी-कॉन्फिग’ लागतं, पण मी ते कधी मागितलंच नव्हतं. मी मागितलेल्या एका डेव्ह पॅकेजने (लायब्ररीच्या हेडर फायली देणाऱ्या पॅकेजने) ते स्वतःसाठी ओढून आणलेलं होतं. वर्षभर माझं फुकटात भागलं. मग त्या पॅकेजच्या देखभालकर्त्याने आपली यादी साफ केली, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. मी एक अक्षर न बदलता माझं पॅकेज फुटलं.

उपाय सरळ आहे. तुमचा कोड ज्या हेडरला नावाने हाक मारतो, तुमची बांधणी जो प्रोग्राम नावाने चालवते, ते पॅकेज स्वतः मागायचं, मग ते दुसऱ्या कुणामार्फत येत असो वा नसो. हेडर कुठल्या पॅकेजात आहे ते ‘एपीटी-फाइल’ सांगतं. मशीनवर आधीच असेल तर ‘डीपीकेजी’ला मोठा एस देऊन विचारा.

उलट टोकही गाठू नका. डिफमध्ये दिसलेली चाळीस पॅकेजं यादीत कोंबली की बांधणी होते खरी, पण पुढे त्यातलं एक काढून टाकलं गेलं की तुम्ही पुन्हा अडकता. नव्या आर्किटेक्चरवर, म्हणजे नव्या प्रकारच्या प्रोसेसरवर, डेबियन उभं करणाऱ्यांच्या वाटेत विनाकारण गुंता होतो तो वेगळाच. आणखी एक बारीक गोष्ट: ‘हे किंवा ते’ अशी उभी रेघ टाकून पर्याय दिले असतील, तर अनस्टेबलच्या बिल्ड सर्व्हरवर पहिलाच पर्याय धरला जातो. तुमच्या मशीनवर दुसरा बसवलेला असेल तर दोन्हीकडे दोन वेगळी पॅकेजं तयार होतात.

याहून वाईट म्हणजे बांधणी न फुटणं. कॉन्फिगर स्क्रिप्टला लायब्ररी सापडली नाही तर ती ओरडत नाही. ‘नाही’ असं छापते आणि ती सोय बंद करून पुढे जाते. हिरवी पट्टी दिसते, पॅकेज संग्रहात जातं, आणि तीन आठवड्यांनी कुणीतरी बग नोंदवतो की कॉम्प्रेस केलेल्या फायली उघडतच नाहीत. माझ्या बाबतीत हे घडलं तेव्हा मी तासभर वापरणाऱ्याच्या मशीनला दोष देत बसलो होतो. आता ‘डेबियन/रूल्स’मध्ये, म्हणजे बांधणीच्या पायऱ्या लिहिलेल्या फाइलमध्ये, हवी असलेली प्रत्येक सोय कॉन्फिगरला ‘एनेबल’ किंवा ‘विथ’ देऊन स्पष्ट मागतो आणि नको असलेली स्पष्ट नाकारतो. मागितलेली लायब्ररी नसेल तर बांधणी तिथेच थांबते. फुटलेली बांधणी मला परवडते.

एके काळी आपल्या मशीनवर बांधलेली बायनरीच अपलोड करून यातून सुटता यायचं. जुलै २०१९ मध्ये, डेबियन १० बाहेर पडलं तेव्हाच, रिलीज टीमने जाहीर केलं की देखभालकर्त्याने चढवलेली बायनरी यापुढे टेस्टिंगमध्ये जाणार नाही. सर्व्हरने बांधलेलीच जाईल. तेव्हा अनेकांनी कुरकुर केली, त्यात मीही होतो.

घड्याळ, गाव आणि भाषा

तारखांची लायब्ररी असल्यामुळे इथे मी सर्वांत जास्त मार खाल्ला आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

माझं मशीन भारतीय वेळेवर, सर्व्हर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर. एका चाचणीत एक क्षण स्थानिक वेळेत बदलून ‘०५:३०’ येतं का ते पाहिलं होतं. घरी नेहमी यायचं, कारण घर पुण्यात आहे. सर्व्हरवर ‘००:००’ आलं. चाचणीला टाइमझोन बाहेरून मिळत होता, तो तिने स्वतः ठरवायला हवा होता. उलट प्रकारही पाहिला आहे: परदेशात लिहिलेल्या चाचण्या यूटीसीवर उत्तम चालतात आणि आपल्याकडे फुटतात, कारण फरक पूर्ण तासांचाच असतो असं लिहिणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं. अर्ध्या तासाचे आपण आणि पाऊण तासाचे नेपाळवाले, अशा कोडचे फुकटातले परीक्षक आहोत.

मग मी टाइमझोन चाचणीतच लिहून टाकला. चाचणी पुन्हा फुटली. या वेळी कारण असं की खोलीत टाइमझोनची माहिती देणारं ‘टीझेडडेटा’ पॅकेजच नव्हतं. प्रत्येक लॅपटॉपवर ते असतं, पण ते बिल्ड-एसेन्शियलमध्ये मोडत नाही, त्यामुळे खरोखर रिकाम्या खोलीत ते असेलच असं धरता येत नाही. आणि ते नसताना सी लायब्ररी चूक सांगत नाही. अनोळखी नाव मुकाट यूटीसी समजते. बिल्ड-डिपेंड्समध्ये टीझेडडेटा लिहिलं.

तिसरा फेरा आला डेबियन १३ च्या तयारीत. चाचणीत मी जुन्या सवयीने ‘एशिया/कॅलकटा’ लिहिलं होतं. शहराचं नाव २००१ मध्येच अधिकृतपणे बदललं, पण संगणकांच्या जगात जुनं नाव उपनाव म्हणून वर्षानुवर्षं चालत राहिलं. आता डेबियनने अशी जुनी उपनावं ‘टीझेडडेटा-लेगसी’ नावाच्या वेगळ्या पॅकेजात हलवली आहेत. तेही बसवता आलं असतं. मी चाचणीत ‘एशिया/कोलकाता’ केलं, तेच योग्य होतं. तुमच्या पॅकेजचा वेळेशी थोडाही संबंध असेल तर ‘कॅलकटा’ शब्दासाठी सगळा स्रोत एकदा चाळा. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसला जोडताना ‘टाइमझोनची किंमत अवैध’ अशी चूक ज्यांना अचानक दिसू लागली, त्यांच्यातले अनेक जण याच दगडाला ठेचकाळले आहेत.

भाषेचंही तसंच. माझ्या मशीनची लोकेल (भाषा आणि प्रदेशाची मांडणी) मराठी आहे. वाराचं नाव छापणारी चाचणी ‘सोमवार’ शोधायची आणि तिला तो मिळायचा. रिकाम्या खोलीत मात्र ‘सी’, ‘पॉझिक्स’ आणि ‘सी.यूटीएफ-८’ एवढ्याच लोकेल असतात. तिथे सोमवारचा ‘मंडे’ होतो. मराठी वार खरंच तपासायचे असतील तर बिल्ड-डिपेंड्समध्ये ‘लोकेल्स-ऑल’ मागायचं, पुढे कोनाच्या कंसात उद्गारचिन्हासह ‘नोचेक’ लिहायचं, म्हणजे चाचण्या गाळून बांधणाऱ्याला ते मोठं पॅकेज उगाच उतरवावं लागत नाही. शिवाय चाचणी चालवताना लोकेल स्वतः ठरवून द्यायची. अकारविल्हे लावणीवर विसंबणाऱ्या बांधणीचीही हीच कथा: लोकेल बदलली की फायलींचा क्रम बदलतो.

तारखेचा आणखी एक सापळा हळू चालतो. चाचणीसाठी ठेवलेल्या प्रमाणपत्राची मुदत संपते किंवा कुणी ‘पुढचं वर्ष’ म्हणून एखादा आकडा ठोकून लिहिलेला असतो. पॅकेज आज बांधलं जातं, पण स्टेबलमध्ये गेल्यावर सुरक्षा दुरुस्तीसाठी दोन वर्षांनीही ते बांधता आलं पाहिजे. ‘फेकटाइम’ वापरून घड्याळ तीन वर्षं पुढे ढकलून एकदा चाचण्या चालवा.

फक्त काही आर्किटेक्चरवर लाल

एएमडी६४ वर (नेहमीच्या ६४ बिटांच्या पीसीवर) हिरवं आणि आर्मवर लाल दिसलं की मी आधी सी भाषेतला ‘कॅर’ हा एका बाइटाचा प्रकार शोधतो. इंटेल घराण्यात साधा कॅर चिन्हासह असतो, म्हणजे त्यात उणे आकडेही मावतात. आर्म, पॉवर आणि एस३९०एक्सवर तो चिन्हाविना असतो. आज्ञेचे पर्याय वाचणाऱ्या ‘गेटऑप्ट’चं उत्तर इंटऐवजी कॅरमध्ये ठेवून ते उणे एकशी ताडणारा लूप आर्मवर कधीच संपत नाही. लॉगमध्ये अशा वेळी चूक दिसतच नाही; बांधणी दीडशे मिनिटं काहीच बोलली नाही म्हणून मारली, एवढीच नोंद असते. एस३९०एक्सवर एकट्यावर फुटलं तर बाइटांचा क्रम पाहा, तिथे मोठं टोक आधी येतं.

डेबियन १३ साठी आर्मएचएफवर (३२ बिटांच्या आर्मवर) वेळेचा प्रकार ६४ बिटांचा झाला, २०३८ च्या प्रश्नासाठी, म्हणजे ३२ बिटांत तेव्हा वेळ मावेनाशी होते म्हणून. तिथे ‘लाँग’ मात्र ३२ बिटांचाच आहे. वेळ लाँग समजून छापणारा माझा कोड त्यामुळे तिथे भलतेच आकडे छापू लागला. छापण्याआधी ‘लाँग लाँग’मध्ये बदलून घेतलं की झालं. ही एक ओळ शोधायला मला पोर्टरबॉक्स, म्हणजे त्या आर्किटेक्चरचं डेबियनचं सामायिक मशीन, लागला. डेबियनचे सदस्य नसलेल्यांनाही अशा मशीनवर पाहुणे खातं मागता येतं.

अर्धीच बांधणी

सर्व्हर तुमची सगळी पॅकेजं एका दमात बांधत नाही. आर्किटेक्चरवर अवलंबून असलेली वेगळी, सगळीकडे सारखी असलेली वेगळी. माझं दस्तऐवजांचं पॅकेज दुसऱ्या गटात, आणि दस्तऐवज तयार करणारं ‘डॉक्सिजन’ मी दुसऱ्या गटासाठीच्या ‘बिल्ड-डिपेंड्स-इंडेप’ यादीत बरोबर लिहिलं होतं. पण रूल्स फाइलमध्ये ते सरसकट चालवत होतो. पहिल्या गटाच्या बांधणीत ते बसवलंच जात नाही, म्हणून आज्ञा सापडत नाही. तो भाग रूल्समधल्या ‘-इंडेप’ने संपणाऱ्या ओव्हरराइडमध्ये, म्हणजे फक्त दुसऱ्या गटासाठी चालणाऱ्या पायरीत, हलवला. अपलोडआधी ‘बी’ आणि ‘ए’ या मोठ्या अक्षरांच्या पर्यायांनी दोन्ही बांधण्या वेगवेगळ्या करून पाहणं आता माझ्या हाताला सवयीचं झालं आहे.

घराच्या फोल्डरचाही एक मुद्दा. सर्व्हरवर ‘होम’ अस्तित्वात नसलेल्या जागी बोट दाखवतं. डेबहेल्पर या पॅकेज बांधायच्या साधनसंचाची सुसंगतता पातळी १३ असेल तर ते तात्पुरतं घर बनवून देतं. जुनी पातळी असेल तर ती वाढवा, विषय संपला.

कधी फुटतं, कधी नाही

हा प्रकार सर्वांत चिडवणारा. पुन्हा बांधायची विनंती करायची, हिरवं झालं की विसरून जायचं, हा मोह मलाही होतो. बहुतेक वेळा मेकफाइलमध्ये एका कामाला दुसऱ्याची फाइल लागते आणि ते नातं लिहिलेलं नसतं. माझ्या चार कोरवर क्रम योगायोगाने जुळतो, सर्व्हरच्या जास्त कोरवर जुळत नाही. पातळी १० पासून डेबहेल्पर समांतर बांधणीच धरून चालतो, त्यामुळे जुन्या मेकफाइली उघड्या पडतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या जीएनयू मेक ४.४ ला ‘शफल’ नावाचा पर्याय आहे: तो कामांचा क्रम मुद्दाम पिसतो. पत्ते पिसावे तसे वीसेक वेळा पिसून बांधा. फुटलं की मेक त्या पिसण्याचा क्रमांक (सीड) छापतं, तोच क्रमांक देऊन तीच फूट पुन्हा घडवता येते. एवढं झालं की हरवलेलं नातं मेकफाइलमध्ये एका ओळीत लिहिता येतं. रूल्समध्ये समांतर बांधणी बंद करणंही चालतं, पण मोठ्या पॅकेजला ते सोसत नाही.

चाचणीच डळमळीत असेल, म्हणजे दोन सेकंदांत उत्तर आलं नाही की रुसणारी, तर मुदत वाढवा किंवा तेवढीच एक चाचणी वगळून पॅचमध्ये कारण लिहा आणि मूळ लेखकाला कळवा. सगळ्या चाचण्या बंद करून हिरवी पट्टी मिळवणाऱ्या एका पॅकेजची देखभाल माझ्याकडे आली होती. चाचण्या परत चालू केल्या तेव्हा ११ फुटल्या, त्यातल्या चार खऱ्या चुका निघाल्या.

सध्या माझी रोजची पद्धत अशी: गिटमध्ये पुश केलं की साल्सा या डेबियनच्या कोड सर्व्हरवरची सीआय पाइपलाइन (आपोआप चालणारी तपासणी) रिकाम्या खोलीत बांधते, ‘रिप्रोटेस्ट’ लोकेल, टाइमझोन आणि फोल्डरचा मार्ग बदलून दुसऱ्यांदा बांधतो आणि दोन्ही निकाल ताडतो. वरचे निम्मे प्रकार तिथेच पकडले जातात. मागच्या अपलोडला फक्त आर्मएचएफ राहिलं होतं, आणि त्याची मेल आली तेव्हा चहा झालेला होता.